खाली मांजर, वर शिकारी

बाबा सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले आणि माझ्याकडे झानडामला आले. पहिले तीन दिवस त्यांनी पाहुण्यासारखे काढले. अॅमस्टरडॅमचे कालवे बघितले, ट्यूलिपची शेतं बघून "हेची भाजी करतत?" असं विचारलं, दुकानातल्या लाकडी बुटावरून अंगठा फिरवून "हलक्या लाकूड, सावरीच्यासारख्या" असा निकाल दिला. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आता पुरे झाला. खय काय काम चालता ता दाखय."

वेंगुर्ल्यात पंचेचाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. गावात त्यांना सगळे मेस्त्री म्हणतात, आम्ही बाबा म्हणतो. कुणाच्या घरी जेवायला गेले तरी आधी मान वर करून वासे बघतात. त्यांना कुठे नेणार? माझं काम लॅपटॉपवर चालतं, त्यात बघण्यासारखं काही नाही. मी त्यांना घेऊन लोकल गाडीने दोन-तीन स्टेशनं पुढे, झान्से स्खान्सला गेले.

स्टेशनवर उतरलं की कोकोचा वास येतो. झान नदीच्या काठावर कोको दळणारे कारखाने आहेत, वारा बरोबर असेल तर अख्खं स्टेशन चॉकलेटच्या पातेल्यात बुडवल्यासारखं होतं. बाबांनी नाक वर केलं. "कोणी तरी शिरो करपयल्यान." पुलावर पोचल्यावर मात्र ते थांबले. समोर, पाण्याच्या पलीकडे, बांधावर ओळीने चक्क्या. हिरवी रंगवलेली लाकडी घरं, त्यावर लव्हाळ्याने शाकारलेले निमुळते मनोरे, आणि चार-चार पाती. दोन फिरत होत्या, बाकीच्या गप्प.

"ह्यो पवनचक्क्यो?"

पवनचक्की म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार येतं. पांढरे खांब, तीन पाती. खरं तर त्यात चक्की कुठेच नाही, वीज बनते. तरी शब्द चिकटला तो चिकटलाच. डच लोकांनीही हेच केलंय. त्यांचा 'मोलन' हा शब्द 'मालन' म्हणजे दळणे यावरून आला, पण लाकूड कापणाऱ्या, पाणी उपसणाऱ्या सगळ्याच यंत्रांना ते मोलन म्हणतात. शेतातलं पाणी कालव्यात उचलून टाकणं म्हणजे त्यांच्या भाषेत पाणी 'दळणं'. आणि आताच्या विजेच्या खांबांनाही बोलताना विंडमोलनच म्हणतात. जुन्या चक्क्यांवर काम करणाऱ्यांसमोर असं म्हणालात तर ते चेहरा वाकडा करतात, हे मी अनुभवाने सांगते.

आम्ही 'दे काट'मध्ये शिरलो. काट म्हणजे मांजर. वाऱ्यावर रंगाची भुकटी दळणारी जगात आता ही एकच चक्की चालू आहे. आत पाऊल टाकलं की आधी अंधार, मग पांढरट धूळ, मग खालून पायांना जाणवणारी थरथर. मध्यभागी दगडी ओट्यावर दोन प्रचंड दगडी चाकं कडेवर उभी, एकमेकांच्या मागे गोल गोल फिरत होती, आणि त्यांच्याखाली खडूचे खडे कुरकुरत चिरडले जात होते.

बाबा हसले. "ही तर चुन्याची घाणी."

खरंच की. आपल्या किल्ल्यांवर दिसते तीच. गोल चर, त्यात उभं दगडी चाक, बैल जुंपायचा आणि चुना मळायचा. इथे चाकं दोन आहेत आणि बैलाच्या जागी वारा आहे. मी या चक्कीत चार-पाच वेळा तरी आले असेन, ऑफिसच्या पाहुण्यांना घेऊन. दरवेळी फलक वाचले. घाणी आठवली नव्हती.

"कितक्या वर्सांची गो?" बाबांनी विचारलं. आणि इथून गंमत सुरू झाली.

मांजर पहिल्यांदा बांधली 1646 मध्ये, तेलाचा घाणा म्हणून. 1782 मध्ये ती जळाली. परत बांधली. 1904 मध्ये वरचा सगळा भाग उतरवला आणि खालचं कोठार तेवढं ठेवलं. पुढची पन्नासेक वर्षं ती चक्की नव्हतीच, एक लाकडी वखार होती. मग 1960 मध्ये दुसरीच एक जुनी चक्की, तीही रंगाची, मोडायची पाळी आली होती. तिचं नाव 'दाऊनयागर', म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरचा शिकारी. तिचा अष्टकोनी मनोरा सोडवला आणि आणून या कोठारावर बसवला. म्हणजे आज आपण जिला मांजर म्हणतो ती खाली मांजर आणि वर शिकारी अशी आहे. त्यानंतरही पाती, दाते, फळ्या, लव्हाळ्याची शाकारणी हे सगळं वेळोवेळी बदललंय ते वेगळंच.

मी हे सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि सुतार विचारील तोच प्रश्न विचारला. "मगे हेच्यात जुना काय रवला?"

मला उत्तर देता आलं नाही. चक्कीवर असलेल्या माणसाला मी डचमध्ये म्हटलं, माझे वडील सुतार आहेत, त्यांना लाकूडकाम बघायचंय. एरवी पर्यटकांना जिथवर सोडतात तिथे दोरी लावलेली असते. त्याने बाबांचे हात बघितले, दोरी काढली, आणि हात करून वर चला म्हणाला.

डच चक्कीतला जिना म्हणजे माळ्याची शिडीच, फक्त नाव जिना. दोराला धरून चढायचं, उतरताना तोंड शिडीकडे करून उतरायचं. मला धाप लागली, बाबा माडावर चढावं तसे गेले. वर टोपीत, म्हणजे मनोऱ्याच्या डोक्यावर जो फिरता भाग असतो त्यात, पात्यांचा जाड आस आडवा पडलेला. त्यावर माणसापेक्षा उंच लाकडी चाक, कडेने दाते. ते दाते खालच्या लहान चाकाच्या दात्यांत घुसत होते, आणि ते लहान चाक मधोमध उभ्या असलेल्या खांबाला फिरवत होतं. हा खांब वरपासून खालपर्यंत जातो. त्याला डच भाषेत नाव आहे राजा. आडव्याचं उभं होतं ते इथे. वारा आडवा येतो, काम खाली जमिनीजवळ असतं, आणि मध्ये काटकोनात वळण लागतं. अख्ख्या चक्कीची अक्कल या एका वळणात आहे.

बाबा दोन्ही हात मागे बांधून बघत राहिले. चालू यंत्राजवळ हात मागे बांधायचे ही त्यांची जुनी सवय. मग म्हणाले, "रहाट."

आमच्या बागायतीत एकेकाळी रहाट होते. बैल आडवा फिरायचा, लाकडी दात्यांचं एक चाक दुसऱ्या चाकाला वळवायचं, आणि विहिरीवरचं उभं चक्र गाडग्यांची माळ वर आणायचं. तेच काटकोनी वळण, फक्त उलट्या अंगाने. बाबांनी तरुणपणी रहाटाचे दाते बसवलेत. मी कधी रहाट चालताना बघितला नाही, माझ्या आधीच पंप आले. त्यांनी तिथेच, चक्कीच्या डोक्यावर, मला सांगितलं की दाता नेहमी वेगळ्या लाकडाचा, उपटून बदलता येईल असा ठेवायचा, म्हणजे मोडलं तर दात मोडतो, चाक मोडत नाही. मी त्याचं डच केलं. त्या माणसाने मान डोलावली आणि खिशातून पिवळसर ढेकूळ काढून दाखवलं. मधमाश्यांचं मेण. दात्यांना अधूनमधून चोळायला. आसाच्या मानेला, जिथे सगळ्यात जास्त घर्षण होतं तिथे, डुकराची चरबी लावतात. बाबांनी मेण हुंगलं, चरबीच्या डब्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. शनिवार होता.

आणखी एक गोष्ट त्या माणसाने सांगितली ती बाबांना नवी होती. मोठ्या चाकाच्या दात्यांना लहान चाकाच्या दात्यांनी पूर्ण भाग जाऊ नये असे आकडे निवडतात. तसं केलं की एक दाता दर फेरीला त्याच त्या जोडीदाराला भेटत नाही, आळीपाळीने सगळ्यांना भेटतो, आणि सगळे सारखे झिजतात. बाबा थोडा वेळ गप्प. मनात रहाटाचे दाते मोजत असावेत.

आणि मग त्यांना खुणा दिसल्या.

अष्टकोनाच्या एका तिरक्या खांबावर, आडवं लाकूड जिथे येऊन मिळतं तिथे, कुसवाशेजारी पटाशीने मारलेल्या तीन सरळ चिरा आणि एक तिरकी. समोरच्या लाकडावर तशाच. पुढच्या सांध्यावर वेगळ्या. मी याआधी त्या बघितल्या असत्या तरी ओरखडे समजले असते. बाबांनी बोट ठेवलं. "नंबर."

या चक्क्या हलवायच्या असत. आज नाही, पूर्वीपासूनच. झानच्या काठची जमीन भुसभुशीत, दलदलीची, तिला विटांचं ओझं पेलत नाही, म्हणून घरंही लाकडाची आणि चक्क्याही लाकडाच्या. लाकूड असल्यामुळे धंदा बसला की मालक चक्की विकायचा, घेणारा ती खुंट्या काढून उतरवायचा, पडावात घालून नदीवरून न्यायचा आणि दुसरीकडे उभी करायचा. कुठलं लाकूड कुठल्या लाकडात बसायचं हे उतरवण्याआधी माहीत हवं. म्हणून चिरा. झान्से स्खान्सवरची हिरवी घरंसुद्धा मुळात इथली नाहीत. 1960 च्या दशकापासून आजूबाजूच्या गावांतून, जिथे ती पाडली जाणार होती तिथून, उचलून आणून बसवली आहेत. त्यामुळे कुणी या जागेला खोटं गाव म्हणतं तेव्हा मला राग येत नाही, पण पटतही नाही. या लाकडांचा स्वभावच प्रवासाचा.

बाबांना त्यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडे चौसोपी घरं वाटण्या झाल्यावर उतरवतात, तेव्हा मेस्त्री असंच करतो. प्रत्येक वाशाला, तुळईला चिरा. उजवीकडच्या सरळ, डावीकडच्या तिरक्या. वेंगुर्ल्याचा मेस्त्री आणि झानचा मेस्त्री, दोघांना अंक लिहिता येत असोत-नसोत, पटाशीची धार लाकडात आडवी-तिरकी मारता येते, तेवढीच दोघांची लिपी.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या नदीचा इतिहास गमतीचा आहे.

अॅमस्टरडॅम इथून हाकेच्या अंतरावर. श्रीमंत शहर, पण तिथे करवतकऱ्यांची संघटना मजबूत. 1593 मध्ये आउटखेस्ट या जवळच्याच गावच्या कोर्नेलिस कोर्नेलिसझोन नावाच्या माणसाने वाऱ्यावर चालणाऱ्या करवतीचं पेटंट घेतलं. पात्यांची गोल फिरती ओढ त्याने वाकड्या आसाने वर-खाली करून दाखवली. हाताने करवत ओढणाऱ्यांनी विरोध केला, तो स्वाभाविकच होता. मग असल्या चक्क्या शहराबाहेर, झानच्या काठावर वाढल्या. 18व्या शतकाच्या सुरुवातीला या एवढ्याशा पट्ट्यात 600 च्या आसपास चक्क्या एकाच वेळी चालत होत्या. तेल, फळ्या, कागद, मोहरी, तपकीर, रंग, सोललेलं जव. जहाजं बांधायला लागणारी लाकडं इथेच कापली जायची, आणि जहाजंही इथेच बांधली जायची. रशियाचा झार पीटर 1697 मध्ये जहाजबांधणी शिकायला आला तो झानडामलाच.

रंगाच्या चक्क्यांची गोष्ट आणखी काळी आहे. त्या काळी लाल रंगाचा एक प्रकार मिळायचा तो परदेशातून आलेल्या कडक लाकडांचा भुगा करून. अॅमस्टरडॅममध्ये 1596 मध्ये एक तुरुंग निघाला, त्याचं नावच 'रास्पहाउस', किसणीघर. कैद्यांनी दोन-दोन मिळून दातेरी कानशीने ब्राझीलचं ते लाकूड किसायचं, रोज ठरलेल्या वजनाचा भुगा द्यायचा. शहराने या कामाची मक्तेदारी तुरुंगालाच देऊन टाकली होती, त्यामुळे वाऱ्याने तेच काम सोपं होत असतानाही चक्क्यांना आडकाठी. आपल्याकडे तुरुंगात गेला म्हणजे खडी फोडायला किंवा चक्की पिसायला गेला असं म्हणतात. अंदमानचा कोलू शाळेत वाचलेला असतो. पण बाहेर वारा फुकट वाहतोय, तो वापरायला मनाई, आणि आत माणूस किसतोय, ही तऱ्हा मला इथे आल्यावर कळली. त्या तुरुंगाचा दगडी दरवाजा अॅमस्टरडॅमच्या दुकानांच्या गल्लीत अजून उभा आहे. वर लाकडाने भरलेल्या गाडीचं शिल्प आहे. खालून लोक पिशव्या घेऊन जातात.

वारा फुकट म्हटलं, तेही तितकंसं खरं नाही. चक्की बांधायची तर आधी 'विंडब्रीफ' लागायचं, म्हणजे वाऱ्याचं परवानापत्र. आणि मग दरवर्षी वाऱ्याचा खंड भरायचा. जमिनीचा मालक असतो तसा वाऱ्याचाही मालक.

हे मी परतीच्या वाटेवर बाबांना सांगितलं तेव्हा ते भर रस्त्यात उभे राहिले. "वाऱ्यार पण सारो?" मग थोडं चालून, "आमच्या लोकांका सांगा नको. सुरू करतले."

नावांचं एक सांगते आणि पुढे जाते. या चक्क्यांची नावं म्हणजे स्वतंत्र मौज. मांजर झालं, शिकारी झाला. 'शोधणारा' आहे, 'ठिपकेवाली कोंबडी' आहे, 'तरुण मेंढी' आहे. वेस्टझानला 'शाळामास्तर' आहे, 1692 चा, आणि तो वाऱ्यावर चालणारी जगातली शेवटची कागदाची चक्की आहे. नदीपलीकडे, स्टेशनच्या बाजूला, 1656 ची पिठाची चक्की आहे. पिठाची! तिचं नाव 'फिका मृत्यू'. आपण गिरणीला श्री गणेश किंवा फार तर न्यू महालक्ष्मी नाव देऊ.

'शोधणारा' हा तेलाचा घाणा 1968 मध्ये उचलून आणला. त्यात जवसाचं, मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल निघतं. बी आधी उभ्या दगडांखाली चिरडायचं, मग कढईत शेकायचं, मग पिशव्यांत भरून लाकडी चौकटीत दाबायचं. दाबायचं म्हणजे पाचर ठोकायची, आणि पाचरीवर उंचावरून लाकडी मुसळ पडतं. धाड. परत धाड. असे घाणे रात्रंदिवस चालायचे आणि घाण्यावरची माणसं म्हातारपणाआधीच बहिरी व्हायची.

मग वाफ आली. पुढे विजेची मोटर आली. 1850 च्या सुमारास देशभरात 9,000 ते 10,000 पवनचक्क्या होत्या, आज साधारण 1,200 उरल्यात. कुणी मुद्दाम मारल्या नाहीत. दुरुस्ती परवडेना, लाकूड विकलं तर चार पैसे येतात, एवढंच. चक्क्या वाचवण्यासाठी 1923 मध्ये देशपातळीवर एक संस्था निघाली, 1925 मध्ये झानच्या लोकांनी आपली वेगळी काढली, 'दे झान्से मोलन'. आज इथल्या बहुतेक चक्क्या तिच्या आहेत. पण तेव्हाही सगळ्या वाचल्या नाहीत. 'तरुण मेंढी' ही 1680 ची लाकूडकापी चक्की 1942 मध्ये पाडली गेली. फक्त त्याआधी आंतोन सिपमन नावाच्या माणसाने तिची सांधा-सांध्याची मापं घेऊन तपशीलवार नकाशे काढून ठेवले होते. पासष्ट वर्षांनी, 2007 मध्ये, त्या कागदांवरून अख्खी चक्की नव्याने उभी राहिली. ती मांजरच्या जवळच आहे, आणि फळ्या कापते.

बाबांना ती मांजरपेक्षा जास्त आवडली. मला वाटलं होतं उलट होईल. इतक्या जुन्या खुणा सोडून ही कोरी चक्की का, विचारलं तर म्हणाले, हिचे सांधे घट्ट आहेत, करवत सरळ चालते, आणि कुणी तरी हे सगळं आता, या काळात, हाताने केलंय. "हो मेस्त जिवंत आसतलो अजून."

माझा कल अजूनही मांजरीकडेच आहे. नकाशावरून बांधलेली वस्तू कितीही चोख असली तरी तिला कधी भूक लागलेली नसते, असं काहीसं मला वाटतं. तिला धंदा बसल्याचं, गोदाम होऊन पडून राहिल्याचं, दुसऱ्याचं डोकं लावून घेतल्याचं माहीत नसतं. बाबांना हे बोलून दाखवलं नाही. "लाकडाक काय म्हायत आसता" म्हणाले असते.

माझ्या ऑफिसात एक जण आहे, आठवडाभर स्प्रेडशीट करतो आणि शनिवारी चक्की शिकायला जातो. हौशी चक्कीवाल्यांचा संघ इथे 1972 पासून आहे. किमान 150 तास प्रत्यक्ष चक्कीवर घालवायचे, चारी ऋतू बघायचे, मग परीक्षा. काय शिकतो विचारलं तर म्हणाला, मुख्यतः आकाश. ढग कुठून येतायत बघून टोपी वळवायची, म्हणजे पाती वाऱ्यासमोर येतात. शेपटीकडच्या लांब दांड्याला रहाट असतो, पायाने फिरवून अख्खं डोकं इंचाइंचाने वळवायचं. वारा कमी असेल तर पात्यांच्या जाळीवर कापड पसरायचं, वाढला तर गुंडाळायचं. आणि वावटळ यायच्या आत थांबवायचं, कारण एकदा का पाती बेफाम झाली की लाकडी ब्रेक लाकडी चाकावर घासून ठिणगी पडते, आणि वाळलेल्या लाकडाचा मनोरा बघता बघता पेटतो. चक्क्या पडण्यापेक्षा जळून जास्त गेल्या असतील. 2017 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घातलं ते याच कसबाला, चक्की चालवण्याच्या कलेला.

त्याच सहकाऱ्याने मला पात्यांची भाषा शिकवली. चक्की थांबवतात ती कुठेही थांबवत नाहीत. थोड्या वेळाची विश्रांती असेल तर पाती अधिकच्या चिन्हासारखी, जास्त दिवसांची असेल तर फुलीसारखी. लग्न, बारसं असलं तर वरचं पातं शिखराला पोचायच्या जरा आधी थांबवायचं. येणारं पातं, आनंदाचं. कुणी गेलं असेल तर शिखर ओलांडून जरासं पुढे. जाणारं पातं. जुलै 2014 मध्ये युक्रेनवर मलेशियाचं विमान पाडलं गेलं, 298 माणसं गेली, त्यातली बहुतेक डच. राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवशी देशभरातल्या चक्क्या अशा थांबवल्या होत्या. मी तेव्हा इथे नव्हते. फोटो बघितलेत. माहीत नसणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही, एक पातं किंचित कललेलं.

बाबांना हे फार लागलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग अचानक वखारीचा विषय काढला.

वेंगुर्ल्यात डच वखार आहे. 17व्या शतकात, 1637 च्या सुमारास, डच ईस्ट इंडिया कंपनीने तिथे ठाणं केलं. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला ते सोयीचं होतं. शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या डच कागदपत्रांत सापडतात त्यातल्या कितीतरी वेंगुर्ल्याहून लिहिलेल्या. आम्ही लहानपणी वखारीत लपाछपी खेळायचो. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर छप्पर नाही, खिडक्यांतून वडाची मुळं उतरलेली. या नदीकाठी राहायला आल्यावर मला आपलं वाटून जातं, की तिथे नांगर टाकणाऱ्या एखाद्या गलबताच्या फळ्या इथल्या वाऱ्याने कापलेल्या असतील. त्या वखारीतली एक तुळई तरी. पण वखारीत लाकूड म्हणून काही उरलेलंच नाही. तेच आधी जातं.

"तेका छप्पर व्हया होता," बाबा म्हणाले. "पयलो पावस आत गेलो तेवाच गेली ती." मग स्वतःशीच हिशेब केल्यासारखे, "धा वर्सांनी वासे, दोन वर्सांनी नळे परतूचे. जास्त काय नाय." मी त्यांना विचारलं, चक्कीवाले म्हणतात की फिरत राहिली म्हणून टिकली, हे खरं का? बंद लाकडात भुंगा लागतो, हलत्या लाकडात तो रमत नाही असं त्यांच्यात बोललं जातं. बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. "फिरता म्हणान झिजता पण. झिजला की कोण तरी बघूक येता."

निघताना मांजरीच्या दुकानातून त्यांनी काहीतरी घ्यावं म्हणून मी मागे लागले. काचेच्या बरण्यांत रंगांच्या भुकट्या ओळीने लावलेल्या. काव, उंबर नावाची तपकिरी माती, लाजवर्दी निळा. जुनी चित्रं दुरुस्त करणारे लोक इथून रंग घेतात, कारण जुन्या पद्धतीने दळलेला दाणा वेगळा पडतो. बाबांनी कावेची बरणी हातात घेतली, किंमत युरोत वाचली, मनात रुपयांत केली आणि परत ठेवली. "सावंतवाडीक धा रुपयाक." शेवटी त्यांनी मेणाचं एक ढेकूळ मागितलं, विकायचं नव्हतं ते. त्या माणसाने कागदात गुंडाळून दिलं, पैसे घेतले नाहीत. दोघांनी हात मिळवले ते जरा जास्तच वेळ.

मे महिन्यात बाबा परत गेले. पावसाआधी आमच्या घराचं छप्पर उतरवायचं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ऑफिसला निघालेली असताना फोनवर एक फोटो आला. अंगणात वासे ओळीने मांडून ठेवलेले, प्रत्येकाच्या टोकाला पटाशीच्या चिरा. त्यातला एक बाजूला काढलेला, आतून पोखरलेला. खाली मेसेज होता.

"बारावो वाळयेन खाल्ल्यान. किंजळीचो नवीन घातलय. नंबर तोच."